मला चालत नाही

"ये क्या है भाई? थालियाँ हैं क्या?"

शिर्डीजवळ, काकडी गावच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीपाशी रांग अडली होती. पडद्यावर एकावर एक रचलेल्या गोल गोल चकत्या दिसत होत्या आणि पडद्यासमोरचा जवान आठ्या घालून त्यांच्याकडे बघत होता.

"भाकरी है साहब," रांगेतला उंच मुलगा म्हणाला. "बाजरी की."

"इतनी सारी?"

"आई ने दी है. उसको गिनती नहीं आती."

रांगेत हसू पिकलं. त्याच्या मागे उभी असलेली सायलीही हसली. पहाटे राजूरहून निघाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. सुट्टी संपवून हैदराबादला परत जायचं तिच्या नेहमीच जिवावर यायचं.

भाकरी सुटल्या. पण पिशवीतून निघालेली मठ्ठ्याची बाटली जवानाने बाजूला काढली. पाणी, ताक, काहीच आत जाणार नव्हतं. त्या मुलाने बाटलीकडे असं बघितलं, जसं कोणी गाडी सुटताना फलाटावरच्या माणसाकडे बघतं.

"इथेच पिऊ का?" त्याने हिंदीत विचारलं. जवानाने मान डोलावली. तो बाजूला झाला, झाकण उघडलं आणि सायलीकडे वळला. "घेता का थोडा? एकट्याला संपायचा नाही. आणि टाकून दिला असं आईला कळलं ना… तर ती विमानामागे पळत येईल."

"अनोळखी माणसाचं खाऊ-पिऊ नये म्हणतात प्रवासात."

"मग आधी मी पितो. पडलो नाही, तर तुम्ही प्या."

तो प्याला. पडला नाही. सायलीने बाटलीच्या झाकणात मठ्ठा घेतला. गार, भाजलेल्या जिऱ्याचा, कोथिंबीर अजून हिरवीगार… एक झालं, दुसरं झालं, तिसरं तिने स्वतःहून पुढे केलं. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि न बोलता स्वतःच्या वरच्या ओठावर बोट फिरवलं. तिला कळायला क्षण लागला. मग तिने घाईघाईने ओढणीने मिशी पुसली, आणि गाल उगीचच गरम झाले.

बाहेर धुकं होतं. जानेवारीतलं, पठारावर रेंगाळणारं धुकं. विमान अजून आलंच नव्हतं. बसायच्या दालनात तो तिच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसला.

"मी रविराज. मिरजगावचा. आमच्या गावात सांगण्यासारखं काही नाही… हायवे आहे."

"सायली जालिंदर साळवे. राजूर, अकोले तालुका."

पूर्ण नाव सांगायची तिची सवयच होती. आडनाव पुढे कळून चेहरे बदलण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. तो बदलला नाही.

"राजूर म्हणजे पेढे!" तो म्हणाला. "आणि बाजूला एवढे डोंगर. तुम्ही हैदराबादला काय करता मग, वेड लागलंय का?"

"औषधांच्या कंपनीत आहे, लॅबमध्ये. आणि तुम्ही?"

"दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करतो. मशीन बिघडलं की मला बोलावतात, सुधारलं की विसरतात."

त्याचं बोलणं असं होतं… हलकं, चिमटा काढणारं, आणि प्रत्येक वाक्यानंतर ती हसली की नाही हे बघणारं. सायलीला वाटलं, हे धुकं एवढ्यात उठू नये. तिने डबा उघडला. संक्रांत नुकतीच झाली होती. आईने, भिमाबाईंनी, गुळपोळ्या दिल्या होत्या. खसखस लावलेल्या, कडेपर्यंत गूळ गेलेल्या. तिने डबा पुढे केला.

"घ्या. मठ्ठ्याची परतफेड."

त्याचा हात पुढे आला. मग थबकला. त्याने पोळीकडे बघितलं, आवंढा गिळला आणि हात मागे घेतला.

"नको… मला चालत नाही."

बस्स. एवढंच म्हणाला तो, आणि ओशाळून इकडे तिकडे बघू लागला.

सायलीच्या हातातला डबा तसाच राहिला. हे शब्द तिने ऐकले होते. संगमनेरला कॉलेजात असताना खोलीतली मैत्रीण असंच म्हणाली होती, भिमाबाईंनी पाठवलेल्या लाडवांकडे बघून. आज चालत नाही गं, उपास आहे. आणि संध्याकाळी तीच मैत्रीण चौकात वडापाव खाताना दिसली होती. त्यानंतर सायलीने कारणं विचारणं सोडलं होतं.

त्याचं आपल्याला चाललं. तीन-तीन झाकणं चालली. आपलं मात्र…

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि डब्याला झाकण लावलं.

"काय बरोबर आहे?"

"काही नाही."

धुकं उठलं. विमानात शिरून ती खिडकीशी बसली, आणि शेजारच्या खुर्चीत कोण येतंय ते न बघताही तिला कळलं.

*

विमान वर गेलं. खाली शेततळी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकत होती. सायली बाहेर बघत राहिली. सँडविचची ट्रॉली आली. रविराजने फक्त गरम पाणी मागून घेतलं आणि मांडीवर फडकं उलगडलं. लसूण-शेंगदाण्याच्या चटणीचा वास बघता बघता अख्ख्या विमानात पसरला. पुढच्या दोन रांगांतली डोकी वळली.

त्याने भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढे धरली. "घ्या ना. आईच्या हातची चटणी आहे. डोळ्यांत पाणी येतं, पण माणूस मागे हटत नाही."

"नको." सायलीने खिडकीवरची नजर काढली नाही. "मला चालत नाही."

तिला वाटलं होतं, लागेल त्याला. लागायलाच हवं होतं. पण तो एकदम खुलला.

"तुम्हालाही? खरंच? मला वाटायचं, आपल्या जिल्ह्यात मी एकटाच! अहो पण ही बाजरीची आहे. बाजरी चालते की आपल्याला!"

"आपल्याला म्हणजे?"

"म्हणजे… गहू न चालणाऱ्यांना. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी मी चार दिवस आडवा. लहानपणी नुसता काड्यांचा सांगाडा होतो. आई कुठे कुठे घेऊन हिंडली. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी शोधून काढलं. तेव्हापासून जिथे जाईन तिथे डबा बरोबर. मघाशी तुमची गुळपोळी बघून जीव कसा झाला सांगू…" तो थांबला. "पण तुम्हाला गहू चालत असणार. पोळ्या तुमच्याच होत्या. मग तुम्ही कशाबद्दल…"

सायलीने नुसतं त्याच्याकडे बघितलं. आणि तिच्या त्या बघण्यातून हळूहळू, एकेक पायरी उतरावी तसं त्याला उमगत गेलं. भाकरी धरलेला हात खाली आला.

"मी नाव सांगितलं… तुम्ही तुमचं सांगितलं… आणि मग मी म्हणालो, चालत नाही."

"हो."

"तुम्हाला वाटलं, म्हणून."

"वाटायला कारणं आहेत."

"असणार," तो हळूच म्हणाला.

एवढंच. आमच्या घरात असलं काही नसतं, असं तो म्हणाला नाही. ते म्हणणाऱ्यांची घरं सायलीने बघितली होती. त्याने भाकरी परत फडक्यात ठेवली, आणि त्याच्या त्या एका शब्दाने तिच्या मनातली कुठली तरी गाठ सैल झाली.

"लग्नात पंगत बसली ना," थोड्या वेळाने तो म्हणाला, "की मी कडेला बसतो. माझा डबा घेऊन. वाढणारे येतात, मला सोडून पुढे जातात. आता सवय झालीय. पण लहानपणी फार रडायचो."

"मीही बसलेय कडेला," सायली म्हणाली. "माझी आईसुद्धा. आम्हाला काही आजार नव्हता."

मग तिने हात पुढे केला आणि त्याच्या फडक्यातला भाकरीचा तुकडा उचलला. चटणी जिभेवर पडली मात्र… तिच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी आलं.

"तिखट आहे," ती म्हणाली.

"तिखटच आहे," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघून तिला डोळे पुसू दिले.

*

हैदराबादेत रविवार मोठे असतात. आधी एका रविवारी तो तिला बाजरीचं पीठ कुठे मिळतं ते दाखवायला आला. पुढच्या रविवारी तिला घरचा मिक्सर बिघडल्याची आठवण झाली.

"दवाखान्याची मशिनं दुरुस्त करतो मी, मिक्सर नाही."

"माझा मिक्सर आजारीच आहे. तपासून तर बघा."

मिक्सरची नुसती वायर निघाली होती. ती मुद्दाम काढलेली आहे हे त्याने ओळखलं, तिच्याकडे बघितलं, आणि तरी तासभर दुरुस्ती केली. पुढे कधीतरी "तुम्ही"चं "तू" झालं; कुठल्या दिवशी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पण तो तिच्याकडे जेवत नसे. डबा घेऊन यायचा, तिच्या ताटासमोर आपला डबा मांडायचा. गव्हाचं पीठ पडलेला ओटा, पोळ्यांचा तवा, तेच उलथणं… एवढ्यानंही त्याला त्रास व्हायचा. सायलीला ते कळत होतं. तरी तिला वाटायचं, या माणसाला एकदा आपल्या हातचं ऊन ऊन वाढावं… समोर बसून तो खातोय ते बघावं. साधीच इच्छा. पण रात्रंदिवस छळणारी.

होळीच्या सुमाराला एका रविवारी तो आला आणि दारातच उभा राहिला. स्वयंपाकघर धुऊन पुसून लखलखत होतं. गव्हाच्या पिठाचा डबा नव्हता. तो तिने खालच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन टाकला होता. तवा नवा. पोळपाट नवा. उलथणं नवं.

"हे काय केलंस?"

"मला पोळ्यांचा कंटाळा आला होता."

"सायली."

"तांदळाची भाकरी करते मी. आमच्या डोंगराकडचा तांदूळ आहे. बस ना… निवेल."

तो बसला. आईशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं गरम अन्न तो कित्येक वर्षांनी खात होता. पहिला घास त्याने बराच वेळ तोंडात धरला. मग खाली मान घालून म्हणाला, "आता मी तुझ्याशिवाय कुठे जेवू?"

ही काय मागणी घालायची रीत झाली? पण सायलीला ती कळली. तिने उत्तर म्हणून आणखी एक भाकरी वाढली.

*

मे महिन्यात तो मिरजगावला जाऊन आला. आल्यावर बसस्टॉपच्या सावलीत दोघं उभी होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"आई म्हणाली, भावकी काय म्हणेल. वडील तर काहीच बोलले नाहीत, उठून शेतात गेले." तो थांबला. "थोडं थांबू या, सायली. मी पुन्हा विचारतो."

"विचारतो?"

"म्हणजे…"

"तू त्यांना विचारलंस, रवी. सांगितलं नाहीस."

समोरून एक बस आली, उभी राहिली, निघून गेली.

"तुझ्या घरी मी येईन ती सगळ्यांबरोबर जेवायला बसायला," सायली म्हणाली. "दाराशी थांबायला नाही. आणि तोवर… आपण भेटायला नको. भेटत राहिलो तर मी थांबत राहीन, आणि तुला ते सोयीचं होईल."

"असं नको करू."

"मला तरी कुठे करायचंय?"

एकाच शहरात राहून न भेटणं फार कठीण असतं. सायलीच्या ऑफिसच्या वाटेवर एक मोठा दवाखाना होता. त्याच्या दारातून निळ्या शर्टाचं कोणी बाहेर पडलं, की तिचं पाऊल अडखळायचं. तो नसायचाच. रविवारी ती भाकरी करायची, एकटीपुरती, आणि एक हमखास जास्त व्हायची. गव्हाचं पीठ तिने परत आणलं नाही. का आणत नाही, हे स्वतःला विचारायचंही तिने टाळलं. कधी वाटायचं, फोन करावा आणि म्हणावं, जाऊ दे सगळं, ये. बोट नावावर जाऊन थांबायचं… मग स्वतःचेच शब्द आठवायचे.

एक गोष्ट मात्र तिने सोडली नव्हती. पूर्वी प्रवासाला निघाली की ती त्याला कळवायची. श्रावणात ती राजूरला गेली तेव्हा तिने सवयीने लिहिलं: पोहोचले. लगेच उत्तर आलं. परत कधी? तिने लिहिलं, सोमवारच्या विमानाने. पुढे काहीच आलं नाही. ‘बरं’ एवढंसुद्धा नाही. रात्रभर ती पत्र्यावरचा पाऊस ऐकत पडून राहिली.

"पोळीला हात लावत न्हाईस तू," सकाळी भिमाबाई म्हणाल्या. "कोणापायी सोडलास गं गहू?"

सायली चुलीकडे बघत राहिली. आईने पुन्हा विचारलं नाही. सोमवारी तिच्यासाठी तांदळाच्या भाकरी केल्या, खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, कोरडी चटणी बांधून दिली आणि एवढंच म्हणाल्या, "हे तरी नेऊ देतील ना विमानात?"

*

विमानतळावर झिमझिम चालू होती. तपासणी उरकून सायली आत येऊन बसली, आणि एक बाई थेट तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी लुगडं, पायात नवे कोरे बूट, छातीशी घट्ट धरलेली पिशवी.

"तू सायली ना?"

सायली उठून उभी राहिली. ते डोळे तिच्या ओळखीचे होते.

"मी बनुबाई. रविराजची आई. फोटू पाह्यला हुता तुझा." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "भांडायला न्हाई आले मी. रवीला म्हनलं, ती पोरगी ज्या इमानानं जाती, त्याच इमानाचं तिकीट काढ माझं. औंदा परमुलखात जाऊन ल्योक बघीन, आन् जाता जाता तिलाबी बघीन. हाय का जागा बसायला?"

सायलीने पिशवी उचलून जागा केली. दोघी शेजारी बसल्या.

"खोटं कशाला बोलू," बनुबाई म्हणाल्या, "मी न्हाई म्हनले हुते. भावकी बोलती. उद्याबी बोलंल. आन् मलाबी… लहानपनापासनं जे बघितलं ते अंगात मुरलेलं असतं, बाई. धुतलं तरी एका पान्यानं जात न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पर जवापासनं रवी म्हनला की तू त्याच्यापायी घरातला तवासुदिक बदलला, तवापासनं मला झोप न्हाई. माझ्या माघारी ह्याला कोन जपंल, ह्याच घोरात मी इतकी वरसं काढली. आन् तू कुनी न सांगता केलंस."

सायली ताठ बसली. हे आत्ता बोललं नाही, तर पुढे कधीच बोलता येणार नव्हतं.

"तव्यासाठी मला घरात घेऊ नका," ती म्हणाली. "चांगली स्वयंपाकीण मिळेल तुम्हाला. मी आले तर माझे आई-वडीलही येतील. तुमच्या बैठकीत बसतील, तुमच्याबरोबर जेवतील. ते होणार असेल तरच."

बनुबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं. चांगलं रोखून. पोरीची नजर खाली गेली नाही.

"सकाळपासनं पोटात काय न्हाई माझ्या," त्या एकदम म्हणाल्या. "भ्यानं. इमानात उलटी हुती म्हनत्यात. तुझ्यापाशी काय हाय?"

"तांदळाची भाकरी. आणि… आईने केलेली खुरासणीची चटणी."

"काढ."

सायलीने फडकं सोडलं. बनुबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत दाबला, तोंडात घातला. सावकाश चावला. सायली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. विमानाची घोषणा झाली तीही तिला ऐकू आली नाही.

"लसूण कमी पडला," बनुबाई म्हणाल्या. आणि दुसरा तुकडा मोडला. "तुझ्या आईला म्हनावं, भेटल्यावर सांगते."

विमान उडालं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले आणि सायलीचा हात असा धरला, की बांगडी रुतली. ढगांच्या वर आल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"रवीला लगीच सांगू नको," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "तोंड पाडून चाल. जरा घाबरू दे त्याला."

तो बाहेर खांबाशी उभा होता. वाळला होता. आईकडे बघत होता, सायलीकडे बघत होता, आणि दोघींच्या पडलेल्या तोंडांकडे बघून त्याचा चेहरा उतरत चालला होता. सायलीला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही आवरायला तिने ओठ दातांत धरला. एवढे महिने मनात जपलेला तो चेहरा… आता हाताच्या अंतरावर.

"प्रवास नीट झाला?" त्याने विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही.

तेव्हा तो सरळ उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, आणि आवाज चढल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही, "तू काहीही म्हण. मी लग्न करीन तर सायलीशीच. तिचं ताट घरात माझ्या शेजारी लागेल. लागणार नसेल, तर माझंही लावू नकोस. आणि हे मी विचारत नाही. सांगतोय."

आजूबाजूची माणसं थांबून बघू लागली. एका टॅक्सीवाल्याने तर टाळीच वाजवली. बनुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग हे मे महिन्यात घरी बोलला असतास, तर मला कशाला आभाळातनं यावं लागलं असतं?" त्यांनी पिशवी त्याच्या हातात कोंबली. "धर. आन् तिचीबी घे. पोरगी सकाळपासनं उपाशी हाय… तिची भाकरी मी खाल्ली."

रविराजने हात पुढे केला. सायलीने पिशवी दिली, पण पिशवीबरोबर तिचा हातही त्याच्या हातात राहिला, आणि तो सोडवून घ्यायची घाई दोघांनाही नव्हती.